रकब्याला दोनदा गुणा

सिद्राम मास्तर जेवायला बसले की ताटाच्या डाव्या कोपऱ्यावर तळहात आडवा धरत. तिथं मीठ वाढतात. वाढणारी बाई घुटमळायची, मीठ घेत नाही का म्हणून विचारायची, आणि मास्तर खाली बघूनच 'पथ्य आहे' म्हणायचे. मुरुमात, उमरग्यात, कुणाच्याही पंगतीत हेच. फक्त मी वाढायला आले की तो हात बाजूला व्हायचा. मग मी घालीन तेवढं मीठ, कमी असो की जास्त, शेवटच्या खड्यापर्यंत संपवायचे. माझ्या सासूबाईंना वाटायचं, मास्तरांनी कसला तरी नवस बोललाय. नवस कसला आलाय! त्या मिठामागं एक चुकलेलं गणित होतं, आणि सासरी ते फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं.

आमचा मुलूख तेव्हा निजामाचा. मुरुमात आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, आडत होती. पुढं दुकान, मागं घर, त्याच्या मागं परसू. घरात आम्ही कानडी बोलायचो, दुकानात मराठी, आणि शाळेत निम्मे शब्द उर्दू. सुट्टी शुक्रवारी. क्षेत्रफळाला आम्ही रकबा म्हणायचो, आणि तो शब्द मला अजून सोडवत नाही. क्षेत्रफळ म्हटलं की पुस्तक आठवतं, रकबा म्हटलं की पायाखाली माती लागते.

मास्तर मूळचे तेरचे. किडकिडीत अंग, डोक्याला काळी टोपी, आणि हातात बाराही महिने छत्री. ऊन असो, पाऊस असो, ती उघडलेली मी क्वचितच पाहिली. छत्रीच्या दांडीवर त्यांनी चाकूनं फुटांच्या खुणा पाडल्या होत्या. तीच त्यांची फूटपट्टी, तीच छडी, आणि कुत्रं अंगावर आलं तर तीच तलवार. मारायला मात्र त्यांनी ती कधी उगारली नाही. एकटा जीव, नोकरी कच्ची, पगार तुटपुंजा, म्हणून गावातल्या घरांनी त्यांच्या जेवणाचे वार वाटून घेतले होते. सोमवार आमचा. अव्वा, माझी आई, सोमवारी मुद्दाम हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, करायची. मास्तर जेवता जेवता आप्पांना सांगायचे, 'आप्पा, तुमची निलव्वा लई पुढं जाईल. चौथी झाली की उमरग्याला धाडा तिला. मास्तरीण हुतीय बघा.' उमरग्याला माझी मावशी होती. आप्पा हो म्हणाले होते. मी तर मनातल्या मनात हातात छडी धरून वर्गात उभी राहायला लागले होते.

शाळेमागं विहिरीच्या कडेला आम्हा पोरांची बाग होती. मास्तरांनी छत्रीनं मोजून दहा फुटी चौकोनी वाफे आखले होते. एकात मेथी, एकात वांगी, एकात मिरची. पाणी सगळ्यांनी आळीपाळीनं घालायचं, पण बी टाकायचं काम माझं. 'निलव्वाचा हात लई समान हाय,' असं मास्तर सगळ्यांदेखत म्हणायचे. माझं बी कुठं दाट नाही, कुठं विरळ नाही. एवढ्याशा कौतुकावर मी अख्खा आठवडा काढायची.

त्या वर्षी मोहतमीम साहेब, म्हणजे शाळा तपासणारे मोठे अधिकारी, बाग बघायला येणार होते. त्यांच्या शेऱ्यावर मास्तरांची नोकरी पक्की व्हायची होती. मास्तरांची झोप उडाली होती म्हणा ना. त्यातच वरून कुठून तरी परदेशी खताचं एक पोतं शाळेला आलं. लढाईच्या आधीचा माल, कुठल्या तरी गोदामात पडून राहिलेला. पांढरंशुभ्र, थेट मिठासारखं. एका पोरानं जिभेला लावून बघितलं आणि दिवसभर थुंकत बसला. सोबत इंग्रजीत छापलेला कागद होता. त्यात फूट नव्हते, मीटर होते. एक मीटर लांब, एक मीटर रुंद एवढ्या जागेला एक मूठ खत, असं त्यात लिहिलं होतं. मीटर हे प्रकरण तोवर आम्ही कुणी ऐकलेलंही नव्हतं. मास्तरांनी कुणाकडून तरी विचारून आणलं की मीटर म्हणजे सव्वातीन फूट आणि वर किंचित. त्यांची छत्री तीन फुटांची. तिच्यापुढं चार बोटं धरून ते म्हणाले, 'हे बघा पोरांनो, छत्री अन् वर चार बोटं. झाला मीटर.'

मग ते विहिरीच्या कट्ट्यावर बसले आणि बोटांवर हिशेब करत राहिले. बाकीची पोरं पाणी शेंदत होती. मास्तरांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच सांगितलं, दर वाफ्याला तीस मुठी. मी तीस मुठी टाकल्या. प्रत्येक वाफ्याला, मोजून, समान हातानं.

चार दिवसांत बाग करपली. आधी मेथीची टोकं पिवळी पडली, मग वांगी माना टाकून उभी राहिली, मग मिरचीचा पाचोळा झाला. कितीही पाणी घातलं तरी फरक पडेना. सदर मास्तर, म्हणजे आमचे हेडमास्तर, तडक बागेत आले. सगळ्या शाळेला वाफ्यांभोवती उभं केलं आणि मला पुढं ओढून विचारलं, किती टाकलंस. मी म्हणाले, तीस मुठी, मास्तरांनी सांगितल्या तेवढ्या. सदर मास्तर वळले आणि त्यांनी सिद्राम मास्तरांना विचारलं, तुम्ही तीस सांगितल्या?

सिद्राम मास्तरांनी टोपी काढली. आत बघितलं. परत घातली. आणि म्हणाले, 'पोरीचा हात जरा सढळ हाय.'

एवढंच. तीस सांगितल्या नाहीत असं ते म्हणाले नाहीत. मला शिवी दिली नाही. पण त्या एका वाक्यानं सगळं माझ्या अंगावर येऊन पडलं. मलाही ते पटलं, हीच गंमत. मास्तरांनी तीस सांगितल्या त्या बरोबरच असणार, माझीच मूठ मोठी झाली असणार. मी किती तरी दिवस मूठ वळून वळून बघायची. बाग मी जाळली, मास्तरांची नोकरी मी घालवली, या विचारानं घास उतरायचा नाही. नोकरी मात्र गेली नाही. मोहतमीम साहेबांना बागेऐवजी पोरांचे पाढे ऐकवले, पोरीच्या चुकीची हकिकत सांगितली, साहेब हसले आणि शेरा चांगला दिला.

आप्पांची गावात मान खाली गेली. ते तापट नव्हते. घरी येऊन हातपाय धुतले, पाटावर बसले आणि अव्वाला एकच शब्द म्हणाले, 'साकु.' कानडीत साकु म्हणजे पुरे. माझी शाळा तिथं संपली आणि उमरगाही संपला.

सढळ हात हा खरं तर चांगला शब्द. दानशूर माणसाला म्हणतात. पण पोरीला चिकटला की त्याचा अर्थच फिरतो. सढळ हाताची पोर तेल सांडणार, पीठ उधळणार, नवऱ्याचं घर बुडवणार. बाजारातल्या बायका मला बघून कुजबुजायच्या. पोरं तर तोंडावर 'सढळी' म्हणायची.

आणि पुढच्याच शुक्रवारी मास्तर आमच्या दारात हजर. आप्पांना म्हणाले, पोरीची शाळा सुटली तर सुटली, मी सुट्टीच्या दिवशी येऊन शिकवतो, परसात चार वाफे करू, गल्लीतली पोरंही येतील. आप्पांना मास्तर देवमाणूस वाटले. अव्वाचे डोळे भरून आले. ज्या पोरीनं बाग जाळली तिला शिकवायला घरी येतोय! मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांचं इतकं नुकसान केलं आणि हे माझ्यासाठी सुट्टी घालवतात. मी त्यांच्याकडे वर मान करून बघत नसे. आता कळतं, तेही माझ्याकडे बघत नव्हते. दोन अपराधी समोरासमोर बसून वांग्याची रोपं लावत होते.

मिठाचं त्यानंतरच्या सोमवारपासून सुरू झालं. अव्वा मीठ वाढायला गेली आणि मास्तरांनी ताटावर हात धरला. म्हणाले, निलव्वाला वाढू द्या. मी घाबरत घाबरत चिमूटभर घातलं.

परसात त्यांनी पहिला धडा दिला तो रकब्याचा. आप्पांच्या दुकानातून एक फाटकं गोणपाट मागून घेतलं आणि त्याचे फूट बाय फूट असे चौकोनी तुकडे कापायला लावले. मग राखेनं जमिनीवर एक चौकोन आखला, चारी बाजूंनी छत्री आणि चार बोटं. म्हणाले, हा एक मीटरचा रकबा, आता बसवा तुकडे. आम्ही बसवले. तीन तीन तुकड्यांच्या तीन रांगा, नऊ तुकडे अख्खे बसले, आणि दोन बाजूंना पट्टी उरली. ती पट्टी कातरून कातरून भरली तर पावणेदोन तुकडे आणखी लागले. एकूण पावणेअकरा.

'लांबीत सव्वातीन अन् जरासं, पर रकब्यात पावणेअकरा,' मास्तर म्हणाले. 'सव्वातीनावर भागवलं की फसला. रकब्याला दोनदा गुणा, पोरांनो. एकदा लांबीला, एकदा रुंदीला.'

हे त्यांचं पालुपदच झालं. वाफा आखताना, रोपं मोजताना, चूळ भरतानासुद्धा. पोरं चेष्टा करायची. मास्तर, मीठ दोनदा घेता का, मास्तर, नाक दोनदा शिंकरता का. मास्तर हसायचे नाहीत, रागवायचेही नाहीत. पाटीवर गणित घातलं की सांगायचे, 'माझं तपासा. मास्तर हाय म्हणून सोडू नका.' आणि एखाद्या पोरानं खरंच चूक काढली तर त्याला सगळ्यांत मोठं वांगं तोडून द्यायचे. कधी कधी हे वांगं मिळावं म्हणून मास्तर मुद्दाम चुकतात की काय असं मला वाटायचं. मीच तेवढी कधी चूक काढत नसे. एकदा त्यांचं घर बुडवायला निघालेली मी, आणखी त्यांच्या चुका कुठल्या तोंडानं काढू!

दोन वर्षं अशी गेली. परसातली वांगी बाजारात जाऊ लागली. मी परकर सोडून लुगडं नेसायला लागले आणि तुळजापूरच्या वाटेवरच्या एका गावातलं स्थळ सांगून आलं. मुलगा बरा होता. मुलाच्या आईनं मात्र अव्वाला बाजूला घेऊन विचारलं होतं, पोरीचा हात सढळ आहे म्हणतात, खरं का.

लग्न ठरल्यावरच्या शुक्रवारी मास्तर आले तेव्हा बाकीची पोरं जत्रेला गेली होती. परसात मी आणि ते, आणि पलीकडं अव्वा धान्य निवडत बसलेली. मास्तर छत्रीनं माती उकरत राहिले. मग म्हणाले, एक गणित सोडव. दहा फुटी चौकोनी वाफा आहे. मीटरभर रकब्याला एक मूठ खत. तर वाफ्याला किती?

मी मातीत बोटानं लिहिलं. वाफ्याचा रकबा शंभर चौरस फूट. पावणेअकरानं भागायचं.

'नऊ,' मी म्हणाले. 'नऊ मुठी, अन् वर पाव मूठ.'

'आन् मी तुला किती सांगितल्या व्हत्या?'

माझं बोट मातीत तसंच राहिलं. शंभराला सव्वातीनानं भागलं की तीस अन् वर थोडं येतं, हे मला त्याच क्षणी दिसलं. दोन वर्षं गोणपाटाचे तुकडे बसवत होते आणि दिसलं नव्हतं. की मी बघायचंच टाळलं होतं, देव जाणे. मास्तर मला दोन वर्षं तीच एक गोष्ट शिकवत होते. स्वतःच्या तोंडानं सांगायची छाती नव्हती, म्हणून मीच त्यांना पकडावं अशी वाट बघत होते.

मी विचारलं, त्यांना हे कधी कळलं होतं. ते म्हणाले, वाफे पिवळे पडले त्याच दिवशी, सदर मास्तर बागेत यायच्या आधी.

म्हणजे टोपी काढून आत बघितलं तेव्हा त्यांना ठाऊक होतं. मला राग आला. असा आला की कानशिलं तापली, आणि तो पुढं किती तरी वर्षं गेला नाही, खोटं कशाला बोलू. मी माझ्याच मुठीला दोन वर्षं शिव्या घातल्या होत्या. मी उठले आणि नुकती लावलेली रोपं पायानं तुडवली. अव्वा तिकडून ओरडली. मी मास्तरांना म्हणाले, 'हे मला सांगून काय उपेग? शाळेपुढं बोलला होता, आता गावापुढं बोला.'

ते नोकरीचं काही तरी पुटपुटले. मी म्हणाले, जाऊ द्या गेली तर. एवढं मोठ्या माणसाला बोलायचं माझं वय नव्हतं, पण बोलले. मास्तर छत्री घेऊन गेले. सोमवारी जेवायला आले नाहीत.

बाजारच्या दिवशी आले. दुकानात हमाल होते, गाडीवान होते, पाच-दहा शेतकरी आपल्या मालाचं वजन होण्याची वाट बघत होते. मी आतल्या दाराआड उभी होते. मास्तर सगळ्यांच्या मधोमध येऊन उभे राहिले, टोपी काढली, आणि या खेपेला तिच्यात बघितलं नाही.

'आप्पा, निलव्वाचा हात सढळ नव्हता. हिसाब माझा चुकला. मी तीस सांगितल्या, तिनं तीस टाकल्या. मी तुमच्या घरचं मीठ खाल्लं अन् त्याला जागलो न्हाय.'

आप्पांनी हातातलं वजन खाली ठेवलं. मग म्हणाले, 'मास्तर, हे तवाच बोलला असता तर पोरगी आज उमरग्यात शिकत असती. आता तिची हळद दळायला टाकली.'

मास्तर तिथून सरळ सदर मास्तरांकडे गेले आणि त्यांनाही सगळं सांगितलं. सदर मास्तर म्हणे पान खात होते. म्हणाले, ते मोहतमीम साहेब केव्हाच बदलून गेले, करपलेल्या मेथीचं आता कोण विचारतंय, जा, वर्ग घ्या. नोकरीला धक्का लागला नाही. धक्का लागला असता तर मास्तर सुटले असते, असं मला वाटतं. ज्या भीतीपायी त्यांनी माझी शाळा घालवली, ती भीतीच मुळी फुकाची निघाली. त्या दिवसानंतर ते वाकून चालायला लागले.

माझं लग्न झालं. गावापुढं खरं बोलून झालं तरी शब्द काही माझ्या अंगावरून उतरला नाही. तो माझ्याआधी सासरी पोचला होता. सासूबाई वाईट नव्हत्या, पण मिठाची बरणी त्यांनी आपल्या हाताखाली ठेवली. भाजी मी करायची, मीठ त्या घालणार. पंगतीत सगळं मी वाढायचं, मीठ सोडून.

वर्षातून एकदा मास्तर मुरुमाहून पायी तुळजापूरला देवीला निघत. लिंगायताचं पोर भवानीला कशाला, असं कुणी विचारलं तर म्हणत, आईला काय जात असती? वाटेत आमच्याकडे दुपारचं जेवण. पहिल्या वर्षी सासूबाई मीठ घेऊन पुढं आल्या आणि मास्तरांचा तळहात ताटावर. म्हणाले, 'मीठ सूनबाईंच्या हातचं. न्हायतर पथ्य हाय.' सासूबाईंनी तोंड वाकडं केलं, पण पाहुण्यापुढं करणार काय? बरणी माझ्या हातात आली. मी रागातच होते. चांगलं मूठभर मीठ ताटात ओतलं. मास्तरांनी ते भाकरीशी, वरणाशी, नंतर नुसतं, असं सगळं खाल्लं आणि वर तांब्याभर पाणी प्यायले. पुढच्या वर्षी मूठ थोडी कमी झाली. रझाकारांच्या धामधुमीत लोक शिवेबाहेर पडायला धजत नव्हते, त्या वर्षीसुद्धा ते आले, आडवाटेनं, धुळीनं माखून. त्या दिवशी सासूबाई स्वतःहून म्हणाल्या, घे ग बरणी, तुझे मास्तर आलेत. आणि मास्तर गेल्यावर त्यांनी ती परत मागून घेतली नाही. तेव्हापासून घरातलं मीठ माझ्याकडे आहे. माफ केलं असं मात्र मी मास्तरांना कधी म्हणाले नाही. त्यांनीही विचारलं नाही.

निजामाचं राज्य गेलं त्याच्या पुढच्या वर्षी ते आले ते बैलगाडीतून. पाय सुजून खांबासारखे झाले होते, चेहरा फुगला होता. गाडीवानानं सासूबाईंना हळूच सांगितलं, वैद्यानं मीठ बंद केलंय, खडासुद्धा चालायचा नाही, आणि मास्तर ऐकत नाहीत. देवीचं दर्शन घेऊन ते तसेच तेरला भावाकडे जाणार होते. ती त्यांची आमच्याकडची शेवटची खेप. पौष संपता संपता तेरलाच वारले.

त्या दिवशी मी अळणी वरण आणि भात वाढला. मास्तरांनी सवयीनं कोपऱ्यावर हात धरला, मला बघून बाजूला केला आणि म्हणाले, 'वाढ निलव्वा. तू घालशील तेवढं.' आता खरंच पथ्य होतं, आणि आता ते पथ्याचं नाव काढत नव्हते. मी बरणी घेऊन समोर उभी राहिले. सासूबाई चुलीपासून बघत होत्या. मला त्यांची टोपी दिसत होती, भिंतीला टेकलेली छत्री दिसत होती. बरणीचं झाकण मी काढलंच नाही.

'मास्तर,' मी म्हणाले, 'आज माझा हात आखडता हाय.'

त्यांनी वर बघितलं. बागेतल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं. आणि हसायला लागले. आधी नुसते ओठ, मग सगळं सुजलेलं अंग हलायला लागलं, डोळ्यांतून पाणी वाहिलं, ते त्यांनी टोपीनं पुसलं. मग वरण कालवलं, भात दोनदा मागून घेतला, आणि ते अळणी ताट शेवटच्या शितापर्यंत संपवलं.